जीव राखला, मनाचे काय?

“तेका वेगळ्या खोलयेत ठेवल्यानी हत. मगे आरामच मा!”

कुडाळच्या एसटी स्टँडवर किंवा मालवणच्या बाजारपेठेत एखाद्या गाजलेल्या खटल्याची गजाल रंगली की असे वाक्य कुणीतरी टाकतोच. वर्तमानपत्रात दोनच ओळी आलेल्या असतात: आरोपीच्या जिवाला धोका असल्याने त्याला स्वतंत्र कोठडीत ठेवण्यात आले आहे. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. जिथे बराकीत पाय पसरायला जागा नसते, तिथे एकट्याला खोली मिळणे ही सवलतच नाही का? मारहाण नाही, दादागिरी नाही, पहाऱ्याला शिपाई आहे. अशा माणसाला त्रास तो कसला?

या प्रकरणात त्या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने पाहू. आधी कुणाला वेगळे ठेवतात ते, मग एकांतात मेंदूचे काय होते ते, आणि शेवटी कायदा काय म्हणतो ते.

१. वेगळे ठेवण्याचे तीन रस्ते

तुरुंगात माणूस एकटा पडतो तो मुख्यतः तीन कारणांनी.

पहिले कारण शिक्षा. न्यायालय सश्रम कारावासाचा काही भाग एकांतात भोगण्याचा आदेश देऊ शकते, किंवा तुरुंगातला नियम मोडला म्हणून अधीक्षक कैद्याला काही दिवस वेगळे ठेवू शकतो. दुसरे कारण फाशीची शिक्षा. असे कैदी ‘फाशी यार्डा’त ठेवले जातात. तिसरे कारण संरक्षण, आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे. इथे कैद्याने आत काही केलेले नसते. दुसरा कुणी त्याला काही करील, अशी भीती असते.

अशी भीती कुणाविषयी असते? लहान मुलांवरील अत्याचाराचा आरोप असलेला, पूर्वी पोलिसात नोकरी केलेला, टोळीतून फुटलेला, फार प्रसिद्ध असलेला किंवा साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायला तयार झालेला कैदी या यादीत येतो. ही भीती पोकळ नाही. प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर चापेकर बंधूंची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. तुरुंगाच्या भिंतीही नेहमी पुरतात असे नाही. कुख्यात गुंड अबू सालेमवर २०१० मध्ये आर्थर रोड कारागृहात हल्ला झाला आणि २०१३ मध्ये तळोजा कारागृहात चक्क गोळीबार झाला. जून २०२४ मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातील एका कैद्याला इतर कैद्यांनी मारून टाकले. वादाचे निमित्त होते आंघोळीचे.

त्यामुळे वेगळे ठेवण्याची गरज खरी आहे. पण महाराष्ट्रातल्या मोठ्या तुरुंगांत धोक्यातल्या कैद्यासाठी जी जागा असते, तीच बहुधा धोकादायक कैद्यासाठीही असते. मुंबई, येरवडा आणि नागपूर इथल्या ‘अंडा सेल’चे नाव सर्वांनी ऐकलेले असते. अंडाकृती भिंतीच्या आत ओळीने कोठड्या, त्यांच्यावर कडक पहारा आणि बाहेरचे जवळपास काहीच दिसणार नाही अशी रचना. कार्यकर्ते अरुण फरेरा यांना मे २००७ मध्ये नागपुरात अटक झाली आणि त्यांच्या तुरुंगवासाचा मोठा काळ नागपूरच्या अंडा बराकीत गेला. पुढे खटल्यांतून निर्दोष सुटल्यावर त्यांनी तुरुंगाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. अरुंद जागेपेक्षा बाहेरचे काही न दिसण्याने आणि माणसांपासून तुटण्याने येणारा जाच त्यात ठळकपणे येतो.

कोठडीच्या दारावर ‘शिक्षा’ लिहिले काय आणि ‘संरक्षण’ लिहिले काय, आतला दिवस सारखाच जातो.

२. चौदा दिवसांचा अनुभव

एकांत म्हणजे काय, याचा थोडासा अनुभव कोकणाला २०२० साली कोरोनाच्या साथीत आला. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत किंवा घराच्या वेगळ्या खोलीत चौदा दिवस काढावे लागले. त्या वर्षी गणपतीला येणाऱ्यांसाठी ही मुदत दहा दिवसांवर आणली गेली, तेव्हा गावोगाव सुटकेचा श्वास टाकला गेला. चांगलीचुंगली, कमावती, धडधाकट माणसे त्या दहा-चौदा दिवसांत कातावली होती. झोप उडाली, चिडचिड वाढली आणि दिवस कुठला तेच कळेना, असे अनेकांनी सांगितले.

आता त्या माणसांकडे काय काय होते ते मोजून पाहू. हातात फोन होता. गडग्यापलीकडून हाक मारणारे कुणीतरी होते आणि घरचा डबा येत होता. मुख्य म्हणजे शेवटचा दिवस ठाऊक होता.

यातून चार गोष्टी वेगळ्या काढता येतात. दुसऱ्या माणसाशी संपर्क, हाताला काम, थोडे तरी आपल्या मनाप्रमाणे वागण्याची मोकळीक आणि संपण्याची तारीख. एकांत सुसह्य होतो की असह्य, हे बव्हंशी या चार गोष्टींवर ठरते. संरक्षणासाठी वेगळ्या ठेवलेल्या कैद्याकडून बहुतेक वेळा या चारही गोष्टी एकदम काढून घेतल्या जातात.

३. मेंदू रिकामा बसत नाही

माणूस एकटा पडला तर नुसता कंटाळेल, असे आपल्याला वाटते. मेंदूचे काम मात्र तिथे थांबत नाही.

कॅनडातल्या माँट्रियल शहरात मॅकगिल विद्यापीठ आहे. तिथे डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर मिळणार होते आणि काम एवढेच की पलंगावर पडून राहायचे. डोळ्यांना धुरकट चष्मा, हातांना मोजे, कानाभोवती फोमची उशी आणि खोलीत यंत्रांची एकसुरी घरघर. त्या काळात ही रक्कम चांगली होती, तरीही बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत हात टेकले. आधी विचारांची साखळी तुटायला लागली. मग डोळ्यांपुढे ठिपके आणि रेषा दिसू लागल्या आणि पुढे चक्क देखावे. एका विद्यार्थ्याला पाठीवर पोती घेतलेल्या खारींची मिरवणूक चाललेली दिसली.

बाहेरून काही येत नसेल तर मेंदू आतूनच काहीतरी तयार करतो, एवढे यातून कळले.

कोठडी म्हणजे ती प्रयोगशाळा नव्हे, हे खरे. कैद्याला दिसते, ऐकू येते. पण तीच भिंत, तोच दिवा, तेच कुलूप. कॅनडातच तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांवर झालेल्या आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सात दिवसांच्या एकांतवासानंतर मेंदूतील विद्युतलहरींची गती मंदावलेली आढळली. अवघ्या एका आठवड्यात.

वेळेची जाणीवही बाहेरच्या आधारावर चालते. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक १९६२ मध्ये घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत जाऊन राहिला. १६ जुलैला आत गेलेला हा गडी १४ सप्टेंबरला बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट. जवळपास पंचवीस दिवस त्याच्या मोजणीतून गळाले होते. आणि तो तर राजीखुशीने, अभ्यासासाठी गेला होता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या मनात दिवसभर शंका येतात. ‘तो माझ्याकडे पाहून हसला का?’ ‘आमटीला वेगळा वास येतो का?’ घरात किंवा बराकीत अशी शंका शेजारच्याला विचारली की तो म्हणतो, “गप रे, काय नाही.” तिथेच ती संपते. एकट्या माणसाच्या शंकेला हे उत्तर मिळत नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, तिसऱ्या दिवशी पुरावे गोळा करते आणि महिन्याभरात तिची खात्री होते.

४. काय काय होते?

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ स्टुअर्ट ग्रासियन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोल तुरुंगातील एकांतवासातले चौदा कैदी तपासले आणि १९८३ मध्ये आपली निरीक्षणे मांडली. बारीक आवाजही सहन न होणे, वस्तू हलल्यासारख्या किंवा लहानमोठ्या होताना दिसणे, कुणीतरी आपले नाव कुजबुजते आहे असे वाटणे, अचानक घाबरून छाती धडधडणे, लक्ष न लागणे, नको तेच विचार पुन्हा पुन्हा येणे आणि क्षणात संताप अनावर होणे. वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेली लक्षणे इतकी मिळतीजुळती होती, की हा एक वेगळा ओळखता येणारा विकारच आहे असे त्यांचे मत झाले.

पुढे क्रेग हेनी या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या पेलिकन बे तुरुंगाच्या कडेकोट विभागातले शंभर कैदी चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणतीही निवड न करता घेतले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार शंभरातल्या ९१ जणांना सतत चिंता होती, ८४ जणांना झोपेचा त्रास होता, ४१ जणांना भास होत होते आणि २७ जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येत होते. हेनीला आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. सुरुवातीला माणूस सोबतीसाठी तळमळतो. पुढे त्याला सोबतीचीच भीती वाटू लागते. भेटीला कुणी आले तर तो नको म्हणतो, व्यायामाच्या तासालाही बाहेर पडत नाही. पहारेकऱ्याला वाटते, हा आता रुळला. खरे तर त्याची तब्येत इथेच सर्वांत जास्त बिघडलेली असते.

न्यूयॉर्क शहरातल्या तुरुंगांच्या वैद्यकीय नोंदींचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला. एकूण तुरुंगप्रवेशांपैकी फक्त सात टक्क्यांच्या आसपास प्रवेशांत कैद्याला एकांतवास घडला होता. पण स्वतःला इजा करून घेण्याच्या निम्म्याहून अधिक घटना या छोट्या गटात झाल्या होत्या.

सगळे पुरावे एकाच बाजूचे आहेत, असेही नाही. कोलोरॅडो राज्यात २०१० मध्ये पुऱ्या झालेल्या अभ्यासात वर्षभर वेगळे ठेवलेल्या कैद्यांची प्रकृती अपेक्षेइतकी ढासळलेली दिसली नाही. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर बरीच टीका झाली. तरी त्यातून एक गोष्ट घ्यावीच लागते: एकांत प्रत्येकाला सारखाच मोडत नाही. मग कोण मोडतो आणि कोण तगतो? त्यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही.

५. मंडाले, अंदमान आणि बंगळूर

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. तिथे ते इतर कैद्यांपासून वेगळे होते. परका मुलूख, मधुमेह, लाकडी खोलीतला उन्हाळा. त्यात १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची बातमीही तिथेच कळली. तरीही १९१०-११ च्या हिवाळ्यातल्या काही महिन्यांत त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले.

टिळकांची विद्वत्ता आणि करारीपणा यांचा त्यात वाटा आहेच. मात्र चार गोष्टींची आपली यादी इथे लावून पाहावी. स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी त्यांच्याजवळ असे, म्हणजे बोलायला माणूस होता. पुस्तके होती, वह्या होत्या, म्हणजे काम होते. दिवस कसा घालवायचा हे काही अंशी त्यांच्या हाती होते. आणि शिक्षा सहा वर्षांची, म्हणजे शेवट ठाऊक होता. टिळक वेगळे होते, पण पूर्ण एकटे नव्हते.

अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये हे सगळे उलटे होते. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगात ६९८ कोठड्या होत्या. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे उघडत, म्हणजे समोरासमोर कुणी दिसूच नये. विनायक दामोदर सावरकर जुलै १९११ मध्ये तिथे पोहोचले आणि जानेवारी १९१२ पर्यंत एकांतवासात होते. हाती कागद नव्हता, तेव्हा त्यांनी कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरल्या आणि पाठ केल्या. ‘कमला’ हे काव्य असेच रचले गेले. मनाला काम मिळावे म्हणून केलेली ही धडपड होती. आत्महत्येचे विचार आपल्यालाही घेरत, हे त्यांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये लिहिले आहे.

त्याच तुरुंगात १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय या बंगाली क्रांतिकारकाने गळफास घेतला आणि उल्लासकर दत्त यांचे मानसिक संतुलन ढळले. दत्तांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि पुढे मद्रासला हलवले गेले. तिथे एकांताच्या जोडीला कोलू म्हणजे तेलाचा घाणा होता, दंडाबेडी होती, ताप होता. म्हणून सारा दोष एकांताच्या माथी मारता येणार नाही. पण शरीर थकलेले असताना धीर द्यायला शेजारी कुणीच नसणे हा त्या छळाचाच भाग होता.

आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात हा फरक एकाच आवारात दिसला. कोकणातल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते तिथे होते. त्यांच्यासोबत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी असे सहकारी होते. गप्पा, वाचन आणि येरवड्यात असलेल्या पत्नी प्रमिला दंडवते यांच्याशी पत्रव्यवहारही चालू होता. त्याच तुरुंगात मे १९७६ पासून अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या, एकट्या कोठडीत, दम्याने आजारी. रात्रीच्या शांततेत त्यांच्या किंकाळ्या ऐकू येत, असे दंडवते यांनी पुढे लिहून ठेवले. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटल्यानंतर काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला.

६. संरक्षणाची वेगळी पीडा

शिक्षा म्हणून वेगळा ठेवलेला आणि संरक्षणासाठी वेगळा ठेवलेला, या दोघांत दुसऱ्याचे हाल कमी असावेत असे वाटते. काही बाबतींत ते जास्त असतात.

एक तर त्याची भीती खरी असते. जेवणात कुणी काही मिसळेल ही शंका साध्या कैद्याच्या बाबतीत आजाराचे लक्षण ठरेल. माफीच्या साक्षीदाराच्या बाबतीत ती सावधगिरीही असू शकते. कुठपर्यंत सावधगिरी आणि कुठून पुढे आजार, हे डॉक्टरलाही ठरवायला जड जाते. त्या माणसाला एकट्याने ते ठरवता येणे तर अशक्यच.

दुसरे, हा एकांत त्याने स्वतः मागितलेला असतो, निदान कागदावर तरी. ‘मला वेगळे ठेवा’ असा अर्ज त्याचाच असतो. त्यामुळे तक्रार करायची सोय उरत नाही. झोप लागत नाही म्हटले तर उत्तर तयार असते: मग जा बराकीत. मार खाणे किंवा एकटे पडणे यांतून एक निवडायला लावणे ही नावापुरतीच निवड झाली.

तिसरे, वेगळे ठेवल्यानेच त्याच्यावर शिक्का बसतो. तो फुटला असावा, पोलिसांचा माणूस असावा, असे बाकीचे धरून चालतात. पुन्हा सर्वसाधारण बराकीत जाण्याचा रस्ता रोज थोडा थोडा बंद होत जातो. संरक्षण जितके लांबते तितकी संरक्षणाची गरज वाढते.

चौथे कारण सर्वांत जड आहे: तारीख नसणे. माफीच्या साक्षीदाराचेच पाहा. गुन्ह्यात सामील असलेला माणूस सगळे खरे सांगायला तयार झाला, तर न्यायालय त्याला माफी देऊ शकते. पण तो आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवावे, असे कायदा सांगतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ मध्ये होती, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये आहे. साथीदारांच्या रोषापासून त्याचा बचाव व्हावा, हा त्यामागचा एक हेतू. उच्च न्यायालयांनी काही प्रकरणांत आपला विशेष अधिकार वापरून अशा साक्षीदारांना सोडले आहे, पण मूळ नियम कोठडीचाच. याचा परिणाम असा की ज्याला माफी मिळाली तो आत, आणि ज्यांच्याविरुद्ध तो बोलणार त्यांच्यापैकी कुणी जामिनावर बाहेर, असेही घडू शकते.

७. कायद्याचा हिशेब

आता थोडे गणित करू. शिक्षा म्हणून द्यायच्या एकांतवासाला भारतीय कायद्याने फार पूर्वीपासून मर्यादा घातली आहे. दंड संहितेच्या कलम ७३ आणि ७४ मध्ये ती होती, आता न्याय संहितेच्या कलम ११ आणि १२ मध्ये आहे.

समजा, एखाद्याला दोन वर्षांची सश्रम कैद झाली. त्याला एकूण एकांतवास देता येतो जास्तीत जास्त तीन महिने, म्हणजे धरून चालू ९० दिवस. तोही सलग नाही. कैद तीन महिन्यांहून मोठी असेल तर एका महिन्यात सात दिवसांपेक्षा जास्त एकांत देता येत नाही. ९० भागिले ७, म्हणजे हे ९० दिवस पुरे व्हायला किमान तेरा महिने लागतील. मधल्या दिवसांत तो माणसांत असेल. इंग्रजांच्या काळात कायदा लिहिणाऱ्यांनाही एवढे कळले होते, की हा डोस थोडाथोडाच द्यावा लागतो.

संरक्षणासाठी वेगळे ठेवायला असे कोष्टक नाही. खटला चार वर्षे चालला तर चार वर्षे. शिक्षेला मुदत आहे, संरक्षणाला नाही.

एक तरतूद मात्र दोघांनाही लागू पडते. १८९४ च्या तुरुंग कायद्याचे कलम २९ सांगते, की चोवीस तासांहून अधिक काळ कोठडीत एकट्या ठेवलेल्या कैद्याला, मग ते शिक्षा म्हणून असो वा अन्य कारणाने, दिवसातून एकदा तरी वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या सहायकाने भेटले पाहिजे. आणि त्या कोठडीतून अधिकाऱ्याला केव्हाही बोलावण्याची सोय हवी.

न्यायालयांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. सुनील बात्रा खटल्यात १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की फाशीच्या कैद्यालाही सरसकट एकांतात टाकण्याचा अधिकार तुरुंग कायदा देत नाही. अपील आणि दयेचा अर्ज यांचे सगळे मार्ग संपेपर्यंत त्याला त्या अर्थाने ‘फाशीचा कैदी’ म्हणताच येत नाही.

तरीही काय घडू शकते, याचे उदाहरण सिंधुदुर्गच्या हद्दीपासून फार दूर नाही. बंगळूरमधल्या १९९८ च्या बलात्कार व खुनाच्या खटल्यात फाशी झालेला बी. ए. उमेश हा बेळगावच्या हिंडलगा कारागृहात २००६ ते २०१६ अशी सुमारे दहा वर्षे एकांतवासात होता. दहा वर्षे म्हणजे साधारण ३६५० दिवस. शिक्षेच्या ९० दिवसांच्या मर्यादेच्या चाळीसपट. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट बेकायदा ठरवली, त्याच्या प्रकृतीवर झालेले परिणाम विचारात घेतले आणि फाशी रद्द करून किमान तीस वर्षांची कैद दिली. गुन्हा किती भीषण होता हे न्यायालयापुढे होतेच. त्या पीठाचे अध्यक्ष होते तेव्हाचे सरन्यायाधीश उदय लळीत, मूळचे देवगड तालुक्यातील गिर्ये गावचे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’त व्याख्या अगदी सरळ आहे: दिवसाचे बावीस तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि सलग पंधरा दिवसांहून जास्त असेल तर तो प्रदीर्घ. प्रदीर्घ एकांतवासाला हे नियम मनाई करतात. ‘अर्थपूर्ण’ या शब्दात मेख आहे. ताट सरकवणारा हात किंवा गिनती घेणारा आवाज यांना संपर्क म्हणता येत नाही.

८. वेगळे ठेवावे, पण कसे?

धोक्यातल्या कैद्याला बराकीत सोडून द्या, असे कुणीच म्हणणार नाही. प्रश्न आहे तो त्याला माणसांपासून न तोडता शत्रूपासून तोडण्याचा.

पहिला उपाय साधा आहे. एकेकट्याला ठेवण्याऐवजी सारख्याच कारणाने धोक्यात असलेल्या चार-सहा जणांना पारखून एकत्र ठेवता येते. दुसरा उपाय काम. अभिनेता संजय दत्त येरवड्यात शिक्षा भोगत असताना सुरक्षेच्या कारणाने इतरांपासून वेगळा होता, पण त्याला कागदी पिशव्या बनवायचे काम होते आणि तुरुंगातल्या अंतर्गत रेडिओवर कार्यक्रमही तो करत असे. प्रसिद्ध माणसाला मिळालेली ही सोय अप्रसिद्ध साक्षीदारालाही देता येण्यासारखी आहे. तिसरा उपाय तारीख. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असे लिहिण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी धोका अजून आहे का, हे तपासायचे आणि कैद्याला पुढच्या तपासणीचा दिवस सांगायचा. चौथा उपाय घरच्यांशी बोलणे. येरवड्यात २०२३ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट कार्ड फोनसारखी सोय वेगळ्या ठेवलेल्या कैद्याला सर्वांत आधी हवी.

सुटकेचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात २००० ते २०१५ या काळात सुटलेल्या कैद्यांचा मागोवा घेतला, तेव्हा एकांत भोगलेल्यांमध्ये सुटकेनंतरच्या पहिल्या वर्षात मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी आणि आत्महत्येचे ७८ टक्क्यांनी जास्त आढळले. वर्षानुवर्षे एकट्या राहिलेल्या साक्षीदाराला खटला संपल्याच्या दिवशी एकदम बाजारात सोडणे धोक्याचे आहे. त्याआधी काही आठवडे त्याला हळूहळू माणसांत आणावे लागते.

छोट्या जिल्ह्यात हे सगळे अधिक अवघड होते. सिंधुदुर्गात सावंतवाडीचा संस्थानकालीन तुरुंग आहे आणि ओरोसला जिल्हा कारागृह आहे. अशा लहान तुरुंगात चार-सहा जणांचा सुरक्षित गट कुठून करणार? कायदा स्त्रियांना पुरुषांपासून वेगळे ठेवायला सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण लहान तुरुंगात एखाद्या वेळी एकच स्त्री कैदी असेल, तर कुणाच्याही मनात नसताना ती एकांतवासात जाते. शिवाय इथे कैदी, पहारेकरी आणि फिर्यादी यांचे गाव, वाडी, पाहुणे एकमेकांना ठाऊक असतात. कोण कुठल्या कोठडीत आहे हे लपून राहणे कठीण.

अशा वेळी कोल्हापूरला कळंब्याला पाठवणे हा मार्ग उरतो. मोठ्या तुरुंगात सोबत मिळू शकते, मानसोपचाराची सोयही जवळ असते. मात्र मालवणहून मुलाखतीला जायचे तर घाट चढून कोल्हापूर गाठायचे, रांगेत उभे राहून काही मिनिटे बोलायचे आणि रात्री परतायचे. रोजंदारीवरच्या घराला हे महिन्यातून एकदाही जमेलच असे नाही. आत सोबत मिळवायची तर घरची माणसे दुरावतात; घरची माणसे जवळ ठेवायची तर आत एकटे पडावे लागते. व्हिडिओ कॉलच्या मुलाखतीने ही अडचण थोडी कमी होते. कळंब्याला पाठवण्याचा हुकूम लिहिताना अधिकाऱ्याने दोन्ही बाजू तोलायला हव्यात, आणि त्या तोलताना कैद्याला व त्याच्या घरच्यांना विचारायला हवे. आज बहुतेक वेळा हा हुकूम फक्त पहाऱ्याचा विचार करून निघतो.